अठ्ठावीस पॉइंटातली स्तोत्रं

आमच्या प्रेसच्या कॉम्प्युटरवर एक फाइल आहे, 'शोक फायनल २'. पेजमेकरमध्ये केलेली, फार जुनी. वर क्रूस, मध्ये फोटोची चौकट, त्याखाली 'ख्रिस्तवासी' आणि पुढं नाव, तारखा, स्मरणार्थ उपासनेची वेळ, आणि सगळ्यात खाली वचन: 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!' बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकातलं, १:२१; सगळं गमावल्यावर ईयोब हे बोलतो. नगरमध्ये आपल्या लोकांत कोणी गेलं की घरचं माणूस माझ्याकडे यायचं आणि म्हणायचं, "नेहमीचं टाका." मी फोटो, नाव आणि तारखा बदलायचो. वचन बदलायला कोणी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नं बंद, म्हणजे पत्रिका बंद. शाळा बंद, म्हणजे प्रगतिपुस्तकं बंद. चालू होती ती ही एकच फाइल. छापून घेणारे थोडेच. बोलावणार कोणाला? बहुतेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला जेपीजी हवी असायची. एका आठवड्यात मी ती फाइल अकरा वेळा उघडली. बाराव्या वेळी त्या चौकटीत माझ्या बायकोचा फोटो बसवला.

दवाखान्यातले ते नऊ दिवस मी इथं लिहिणार नाही. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना सांगायची गरज नाही, आणि इतरांना सांगून समजत नाही. दफनभूमीत किट घातलेली चार पोरं होती. पाळकसाहेब फाटकापाशी उभे राहून मोठ्यानं वाचत होते, पण मास्कमुळे मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. घरी येऊन मी कॉम्प्युटर लावला. फोटो बसवला, तारखा घातल्या. मग त्या वचनावर कर्सर नेला, ओळ सिलेक्ट केली आणि डिलीट दाबलं. खाली दीड इंच कोरी जागा राहिली, ती तशीच राहू दिली.

मोठ्या मेव्हण्यानं फोन केला. "दाजी, वचन राहिलं का टाकायचं?"

"राहिलं," म्हटलं.

पत्रिकांचं फिनिशिंग तीच करायची, हे सांगायला हवं. स्टीलच्या पट्टीनं घडी दाबायची, गोंडा ओवायचा, शंभर-शंभरचे गठ्ठे आडवे-उभे रचायचे. आणि प्रूफ. प्रूफ एकट्यानं नीट तपासता येत नाही. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट फिरवायचं. वीस वर्षं तिनं वाचलं आणि मी बोट फिरवलं.

त्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं. भांडण वगैरे काही झालं नाही. उपासना पुन्हा सुरू झाल्या तेव्हा रविवारी सकाळी मी प्रेसमध्ये जाऊन बसायचो, शटर अर्धं खाली ओढून. पोरगी तेव्हा दहावीत होती. ती एकटी जायची आणि येताना मला काही विचारायची नाही. भेटायला लोक यायचे. ईयोबाचे मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, निदान सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. आमच्याकडे आलेल्यांना चहा येईपर्यंतही गप्प बसवलं नाही. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." "त्याची काहीतरी योजना असेल." एका प्रार्थनासभेचे भाऊ तर म्हणाले की पूर्ण विश्वासानं मागितलं असतं तर ती उठली असती, कुठंतरी कमी पडलं. त्यांना मी दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही. अजूनही त्या माणसाला मी माफ केलं असं म्हणवत नाही. प्रयत्न चालू आहे.

२०२२ च्या जानेवारीत मिनी ऑफसेट विकलं. पतसंस्थेचे हप्ते थकले होते. टेम्पोत चढवताना मशीन एका बाजूला कललं आणि माझ्या तोंडून "सांभाळून" निघालं, विकलेल्या मशीनसाठी. फरशीवर तेलाचा चौकोनी डाग तेवढा उरला. आता फक्त डीटीपी करतो, प्लेट आणि छपाई बाहेरून. आजोबा जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवायचे. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली आपल्या नगरात सुरू झालं, हे ते अशा थाटात सांगायचे की जणू पहिला अंक त्यांच्याच हातचा. त्या घरातल्या माणसाकडे आता मशीनच नाही, हे सुरुवातीला फार लागायचं.

त्याच वर्षी जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, बाई आल्या. चौथीला मला शिकवलेल्या, आता ऐंशीच्या पुढं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी पवित्र शास्त्र काढलं. कडा तपकिरी झालेल्या, बांधणी सुटलेली.

"मला स्तोत्रसंहिता मोठ्या अक्षरात करून दे. दिसत नाही आता."

"बाई, मोबाइलवर ऐकता येतं हल्ली. मी लावून देतो."

"ऐकलं की झोप लागते. मला वाचायचंय."

एका कागदावर मी वेगवेगळ्या साइझमध्ये 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' छापून त्यांच्यापुढं धरलं. अठरा नाही, चोवीस नाही. अठ्ठावीसला त्यांचं बोट थांबलं. दर महिन्याला पेन्शनीतून पाचशे देईन म्हणाल्या. निघताना दारात वळल्या. "तिच्या पत्रिकेवर तू वचन घातलं नव्हतंस."

"नाही घातलं."

"बरं केलंस," एवढंच म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

आता ज्यांना कॉम्प्युटरचं कळतं ते विचारतील की अ‍ॅपमधून कॉपी करून का नाही घेतलं. माझा पेजमेकर जुना, त्याला युनिकोड समजत नाही. कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. 'धर्म' कुठं जाईल त्याचा नेम नाही. नवीन सॉफ्टवेअरला पैसे नव्हते. म्हणून श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक अक्षर बडवायचं ठरवलं. रोज रात्री जेवणानंतर एक स्तोत्र. काम म्हणून घेतलं होतं, भक्ती म्हणून नाही, आणि मोबदला ठरला होता म्हणून तर मनाला बरं वाटत होतं.

लहानपणापासून स्तोत्रं ऐकत आलो म्हणजे नक्की काय ऐकत आलो, ते टाइप करायला बसल्यावर कळलं. तेविसावं, एकशे एकविसावं, एकशे तिसावं, शंभरावं. शब्बाथ शाळेत पाठ केलेली, लग्नात आणि अंत्यविधीत वाचलेली, फार तर दहा-बारा. बाकीच्यांवरून आपण रस्त्याच्या कडेचं गाव मागं टाकावं तसे पुढं जातो. बोटं असं पुढं जाऊ देत नाहीत. तेराव्यात माणूस देवाला विचारतो, कोठवर? एकदा नाही, चारदा. बाविसाव्याची पहिली ओळ तर आपण दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांत चौथा म्हणून ऐकतो: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्या उपासनेचे कार्यक्रम मी इतकी वर्षं छापले, पण येशू तिथं स्वतःचं काही बोलत नाही, स्तोत्र म्हणतो आहे, हे माझ्या डोक्यात कधी नीट शिरलंच नव्हतं. मरताना त्याला स्वतःचे शब्द सुचले नाहीत. दुसऱ्याची तक्रार त्यानं उसनी घेतली.

मधूनच कंसात 'सेला' येतं. म्हटलं, ही कोणा जुळाऱ्याची खूण राहून गेली की काय. पाळकसाहेबांना फोन केला, वर्षानंतर पहिल्यांदा. ते म्हणाले, गायकांसाठी किंवा वाद्यांसाठी काही सूचना असावी, अर्थ पंडितांनाही नक्की सांगता येत नाही. मग म्हणाले, "उपासनेला या" असं मी सांगणार नाही, चहाला या. गेलो नाही, पण ते आवडलं.

प्रूफ वाचायला पोरगी बसायला लागली. आईसारखंच वाचायची, विरामचिन्हांसकट, फक्त जरा घाईत. झालेली पानं बाईंकडे गेली की आठवड्यानं परत यायची, लाल पेनानं गोल केलेली. ऱ्हस्व-दीर्घ. डोळ्यांना दिसत नाही म्हणणाऱ्या बाईंना पहिली वेलांटी की दुसरी ते बरोबर दिसायचं. एकदा पानं द्यायला गेलो तेव्हा त्यांनी केडगावचा विषय काढला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, छपाई मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली, तरी रमाबाईंचं काम थांबलं नाही. पुढच्या एप्रिलात त्याही गेल्या. मला खरं तर रागच आला. दुसऱ्याचं दुःख पट्टीसारखं आपल्या दुःखाला लावून बघणं मला सहन होत नव्हतं. बाईंना ते दिसलं असावं. "तुला सांगत नव्हते रे," म्हणाल्या, "मी माझ्यासाठी बोलत होते." तेव्हा आठवलं, बाईंचा मुलगा तरुणपणीच गेलेला. मी तेव्हा सहावीत होतो आणि त्या आठ दिवसांनी शाळेत आल्या होत्या.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र नाताळच्या आठवड्यात आलं. बाहेर पोरांची कॅरोलची तालीम चालू होती, ढोलकी इथपर्यंत ऐकू येत होती. गॅलरीत पोरीनं तारा लावला होता. कोणा हेमान एज्राहीचं हे स्तोत्र. रात्रंदिवस हाक मारतो आहे, म्हणतो. जीव संकटांनी भरून गेला, ओळखीची माणसं तू माझ्यापासून दूर केलीस, तू तोंड का लपवतोस? इतर बहुतेक रडगाण्यांत शेवटी एक वळण येतं, 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी. टाइप करताना मी त्या वळणाची वाट बघत होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा आधीच वैताग आला होता. ते आलंच नाही. अंधारावर स्तोत्र संपलं.

प्रिंट काढली. पोरगी वाचायला बसली, मी बोट फिरवायला. शेवटच्या ओळीपर्यंत तिनं एका लयीत वाचलं. "...अंधार, पूर्णविराम." मग पान उलटून बघितलं.

"पप्पा, पुढचं पान?"

"नाही पुढचं पान. एवढंच आहे."

तिनं बाईंच्या बायबलात खात्री करून घेतली. बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे असंही चालतं?"

मला उत्तर देता आलं नाही. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती, त्या रात्री रडली. मीही. मध्येच कॅरोलवाली पोरं दारात आली. दोघांचे डोळे लाल, आणि त्यांना करंज्या द्यायच्या तर डबा सापडेना.

त्या रात्रीनंतर मी झोपण्याआधी बोलायला लागलो. त्याला प्रार्थना म्हणावं का, माहीत नाही. 'हे दयाळू पित्या' वगैरे नव्हतं त्यात. हप्त्यांचं बोलायचो, तिला बेड मिळाला नाही त्या रात्रीचं बोलायचो, एकदा तर शिवीही आली. पण ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याशी भांडता येत नाही, आणि दीड वर्ष मी भांडतही नव्हतो, हे मला तेव्हा जाणवलं. हेमानाला कोणी उत्तर दिलं नाही, तरी त्याचं स्तोत्र कोणी गाळलंही नाही. इतक्या शतकांत किती नकलनवीस, किती जुळारी झाले असतील. एकालाही ही ओळ डिलीट करावीशी वाटली नाही? की वाटली, आणि तरी त्यांनी राहू दिली?

एकशे एकोणिसावं एकटंच बत्तीस पानं. त्या पंधरवड्यात हेमान परवडला असं वाटायला लागलं होतं. सगळं मिळून स्पायरलचे पाच खंड झाले. मी जाडीमुळे पाच करणार होतो, पण बाई म्हणाल्या की स्तोत्रसंहितेचे मुळातच पाच भाग आहेत, तिथंच तोड. पाचवा खंड २०२३ च्या उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी दिला. दुसऱ्या दिवशी बारा ते तीनच्या उपासनेला शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. चौथ्या उद्गाराला पोरीनं माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं. ईस्टरला गेलो नाही. त्या आनंदाची तयारी नव्हती. पुढच्या महिन्यातल्या प्रभुभोजनाला मात्र गेलो. आता जातो, बहुतेक रविवारी. पहिल्यासारखा विश्वास आहे का असं कोणी विचारलं तर नाही म्हणेन. पहिला पाठ केलेला होता. हा टाइप केलेला आहे, चुका दुरुस्त करत करत, आणि अजून बरेच लाल गोल बाकी आहेत.

'शोक फायनल २' मधली शेवटची ओळ मी आता कायमची रिकामी ठेवली आहे. माणूस आला की विचारतो, कोणतं वचन घालू? बरेच जण अजून नेहमीचंच सांगतात, मग तेच घालतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तेरावं सांगितलं, पहिलीच ओळ. त्यांच्याकडून पैसे घ्यावेसे वाटले नाहीत, पण त्यांनी दिले.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. पाचही खंड दोनदा वाचून झाले. "आता ईयोब घे. बेचाळीस अध्याय आहेत. डोळे आहेत तोवर."

परवा रात्री सुरू केलं. पहिल्या अध्यायात एकविसाव्या ओवीला आलो. ती ओळ जुन्या बॅकअपमध्ये तयार पडली होती, उचलून आणता आली असती. टाइप केली. मग दुसरा अध्याय, राख, खापरी, ते तीन मित्र. तिसऱ्याच्या सुरुवातीलाच ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, 'धन्य परमेश्वराचे नाम' म्हणणारा तोच माणूस, दोन अध्यायांनंतर. इतकी वर्षं मी लोकांना त्याचं पहिलंच वाक्य छापून देत होतो.

पोरगी सुट्टीला घरी आली आहे. खुर्ची ओढून बसली, बाईंचं बायबल मांडीवर घेतलं. "कुठून?" म्हणाली.

"तिसरा अध्याय," म्हटलं. "सावकाश वाच, इथं विरामचिन्हं फार आहेत."