जिभेच्या टप्प्यातले झाड

प्राणिसंग्रहालयात लोक प्राणी पाहतात आणि मी झाडे पाहत बसतो, असे घरचे मला नेहमी ऐकवतात. परवा श्रावणातल्या एका दुपारी चितळांच्या आवारापुढे तेच झाले. आतल्या प्रत्येक झाडाची पालवी, माळ्याने दोरी ताणून छाटावी तशी, एकाच उंचीवर सरळ रेषेत संपली होती. मागच्या पायांवर उभे राहून चितळाची जीभ जिथवर पोचते, तिथवर पान म्हणून टिकत नाही. जमिनीवर उरला होता फक्त टाकळा आणि थोडी घाणेरी. ज्यांना कोणी तोंड लावत नाही, तेच तिथे सुखाने नांदत होते.

लहानपणी राणीच्या बागेत ही रेघ मला कधी दिसली नाही. 1862 साली लोकांसाठी उघडलेली ती बाग मुळात झाडांची; प्राणी मागाहून आले आणि गजांआड, फरशीवर राहिले. त्यामुळे गोरखचिंचेच्या बुंध्याला अंग घासण्याचा मान हत्तीचा नसून आम्हा पोरांचा असे. आजी सावलीत डबा उघडी आणि गावाकडे शेळीने फणसाचे रोप कसे बोडके केले, ते दरवेळी नव्या रागाने सांगे.

आता पिंजऱ्यांच्या जागी खंदक आले, पायांखाली माती आली, हे उत्तमच झाले. पण ती माती खुरांखाली इतकी दडपली जाते की पावसाचे पाणी वरच साचून राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाघ कुंपणालगत दिवसभर येरझारा घालतो, तिथे तर गवताची काडी उगवत नाही. मळलेल्या वाटेची आपण उगाच हेटाळणी करतो. आपल्याला ती निदान सोडता येते.

बुंध्यांना तारेची जाळी गुंडाळतात, म्हणून बरीच झाडे तगतात. सांबरांच्या आवारातल्या एका झाडाची जाळी मात्र सुटून पायाशी घसरली होती. शिंगांनी घासून आणि दातांनी सोलून कमरेच्या उंचीवर बुंध्याभोवती पांढुरके कडे पडले होते, आणि त्याची दोन्ही टोके मागच्या बाजूला एकमेकांना मिळाली होती. पानांनी केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरते. म्हणजे खालचा शिधा केव्हाच बंद झालेला. मुळांतला साठा संपेपर्यंत वर त्याची खबर लागत नाही. शेंड्याला कोवळी, तांबूस पालवी फुटली होती, आणि एक सांबर मान वर करून तिच्याकडे पाहत उभे होते.