हायलस भरलेला दिसला, तरी आधी तापमान पाहा

पायलोकार्पिन या रसायनाने लांबलेली फिट आणलेल्या उंदरांत निमोडिपिन हे कॅल्शियम अडवणारं औषध मेंदूतल्या पेशी वाचवतं का, हे तपासायचं होतं. स्लाइडवरचे सांकेतिक क्रमांक उघडायचा दिवस होता. कुठल्या उंदराला निमोडिपिन मिळालं आणि कुठल्याला नुसतं द्रावक, हे मोजणाऱ्याला तोवर माहीत नसतं. क्रेझिल व्हायोलेटने रंगवलेला ४० मायक्रॉनचा काप मायक्रोस्कोपखाली होता आणि त्यातला हायलस, म्हणजे हिप्पोकॅम्पसमधल्या डेंटेट गायरसच्या आतला भाग, पेशींनी जवळजवळ भरलेला होता. मोठ्या बहुकोनी पेशी, प्रत्येकीत केंद्रिका ठळक. पायलोकार्पिन दिलेल्या उंदरात असं सहसा दिसत नाही. तिथे हायलस सर्वांत आधी विरळ होतो, सीए३ आणि सीए१ या हिप्पोकॅम्पसच्या भागांनाही मोठी झळ बसते. सीए२ आणि डेंटेट गायरसच्या ग्रॅन्यूल पेशी बऱ्यापैकी तग धरतात.

क्रमांक उघडला. निमोडिपिनच.

मला मात्र हे यश जरा जास्तच वाटलं. लांबलेल्या फिटमध्ये पेशीत कॅल्शियम शिरतं ते मुख्यतः ग्लुटामेट या चेतारसायनाने उघडलेल्या एनएमडीए रिसेप्टरमधून. मग मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियमने गच्च भरतात, कॅल्पेन हे प्रथिनं तोडणारं विकर जागं होऊन पेशीचा सांगाडा तोडतं. निमोडिपिन अडवतं फक्त एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या. एनएमडीएचा मार्ग मोकळाच राहतो, तर इतक्या पेशी वाचल्या कशा?

म्हणून ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरी) आणि तापमानाची नोंद काढली. फिट थांबवणारं डायझेपाम देईपर्यंत फिटचा जोर दोन्ही गटांत सारखाच. तापमानात मात्र फरक होता: द्रावकाचे उंदीर ३८ अंशांच्या वर, हा ३४च्या आसपास. निमोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, शरीराची उष्णता बाहेर पडते. थंड मेंदूत पेशी कमी मरतात, औषध कुठलंही असो. त्यामुळे त्या कापावरून निमोडिपिनला श्रेय देता येईना.

असे प्रयोग करणाऱ्यांनी तापलेली गादी आणि गुदद्वारातला तापमापक हे पर्यायी सामान समजू नये. फिट सुरू झाल्यापासून काही तास दोन्ही गट ३७ अंशांवर ठेवायचे. पायलोकार्पिनचा मेंदूबाहेरचा परिणाम अडवणारं मेथिलस्कोपोलामिन १ मिग्रॅ प्रतिकिलो, पायलोकार्पिनच्या अर्धा तास आधी. नाहीतर लाळ आणि श्वासाच्या त्रासानेच उंदीर जातो. निमोडिपिन उजेडात विघटन पावतं, म्हणून द्रावण तांबूस बाटलीत, वर फॉइल. औषध फिटच्या आधी दिलं तर फिटच सौम्य होऊन पेशी वाचल्या असतील. संरक्षण तपासायचं तर ते डायझेपामनंतर द्यावं. क्रेझिल व्हायोलेट उरलेल्या पेशी दाखवतं, मरू घातलेल्या नाही. त्यांच्यासाठी शेजारच्या कापावर फ्लुरो-जेड बी: ०.०६ टक्के पोटॅशियम परमँगनेट १० मिनिटं, मग ०.०००४ टक्के रंग २० मिनिटं.

उंदरावरचं हे सगळं नेटकं जमलं, तरी रुग्णाची अडचण वेगळीच. फेनिटोइन किंवा कार्बामॅझेपिन हे फिटचं औषध चालू असेल तर यकृत निमोडिपिन इतक्या झपाट्याने संपवतं की तोंडाने दिलेल्या डोसचं रक्तातलं प्रमाण फारच घटतं. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच औषधाबरोबर ते उलट वाढतं. निमोडिपिनऐवजी व्हेरापामिल हे कॅल्शियम अडवणारं दुसरं औषध दिलं तर रक्तातलं कार्बामॅझेपिनच चढतं आणि रुग्णाला दोन-दोन दिसू लागतं, चालताना तोल जातो.