देवबाग ते निवती: डॉल्फिन बघायला जाताय, तर लांबूनच बघा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणजवळ, कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते. अलीकडे देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी, पलीकडे भोगवे, आणि त्याच्या दक्षिणेला निवतीचा किल्ला आणि समुद्रातले खडक. या सगळ्या पाण्यात डॉल्फिन राहतात आणि किनाऱ्याच्या इतक्या जवळ असतात की नशीब असेल तर वाळूवर उभं राहूनही दिसतात. आणि याच पाण्यात जेट स्की, बनाना राईड, पॅरासेलिंग आणि डॉल्फिन सफारीच्या बोटी फिरत असतात. दोघांनाही तेवढीच जागा आहे.

हिवाळ्याच्या सुट्टीत दादा, वहिनी, अकरावीतला भाचा आणि मी असे तिथे राहून आलो. मी पवना आणि मुळशीच्या पाण्यात कयाक चालवते, त्यामुळे पाण्यावरच्या खेळांबद्दल मला आकस नाही. उलट ज्यांना हे खेळ आवडतात त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

आम्ही पुण्याहून कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली असे गाडीने गेलो. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ सोयीचं, तिथून मालवणला एसटी आणि रिक्षा मिळतात. मालवण, तारकर्ली, देवबाग हा एकच अरुंद रस्ता आहे आणि शनिवार-रविवारी तो तुंबतो. डॉल्फिनसाठी जाणार असाल तर मुक्काम देवबागलाच करा. घरगुती निवासाची सोय भरपूर आहे, आणि पहाटे उठून थेट बोटीकडे चालत जाता येतं.

पहाटेचं महत्त्व वाऱ्यामुळे आहे. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो हलका असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी सपाट राहतं. दुपारी खारे वारे सुटले की पाण्यावर लाटांची पांढरी टोकं दिसू लागतात आणि त्यांच्यात डॉल्फिनची पाठ ओळखणं अवघड होतं. साडेसहा-सातला पाण्यावर असाल तर गर्दीही कमी. दहानंतर जाण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

पहिल्या सकाळी आम्ही नेहमीच्या सफारीत बसलो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ भाग आहे, तिथे लाटा फुटतात आणि बोट चांगलीच आपटते. तिथे पोचण्याआधीच लाइफ जॅकेट घातलेलं आणि बांधलेलं असायलाच हवं. बाहेर आल्यावर थोड्याच वेळात कुणाच्या तरी मोबाइलवर फोन आला, ‘हय आसत, हय!’, आणि आमची बोट वळली. आजूबाजूच्या सगळ्याच बोटी वळल्या.

एक छोटा कळप होता. मोठ्यांच्या पाठी गडद राखाडी, आणि एकीला चिकटून एक फिकट रंगाचं पिल्लू. पहिल्यांदा वर आले तेव्हा ते सुटेसुटे, सावकाश चालले होते. तीन बाजूंनी बोटी आल्यावर ते एकमेकांजवळ सरकले. पुढच्या वेळी वर यायला त्यांनी बराच वेळ घेतला आणि आले ते दुसऱ्याच दिशेला. बोटी पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन आडव्या झाल्या. लोक शिट्ट्या मारत होते, बोटीच्या कडा बडवत होते, मुलं ‘उडी मार, उडी मार’ म्हणून ओरडत होती. मग किनाऱ्याकडून एक जेट स्की आली आणि कळपाच्या मधूनच गेली. त्यानंतर ते दिसले ते पार लांब, खोल पाण्याकडे जाताना. तिथपर्यंतही दोन बोटी त्यांच्या मागे गेल्या.

माझ्या शेजारच्या बाईंनी मोबाइल खाली ठेवत म्हटलं, ‘नुसत्या पाठीच दिसल्या हो.’ पळणाऱ्या प्राण्याची पाठच दिसते. सफारीला गेलेले बहुतेक लोक एवढंच बघून परततात आणि डॉल्फिन असेच असतात असं समजतात.

परत येताना मी बोटवाल्या दादांना विचारलं की थोडं लांब थांबता येत नाही का. ते म्हणाले, ‘लोकांका जवळसून बघूचे असतत. नाय दिसले तर पैसे देताना कुरकुर करतत.’ त्यांचं काही खोटं नव्हतं. मागणी आपलीच आहे. फलकावर ‘डॉल्फिन हमखास दाखवू’ असं लिहिलं की गिऱ्हाईक येतं, आणि हमखास दाखवायचं तर पाठलाग करावा लागतो. म्हणून बदल बोटीत बसण्याआधीच, पैसे ठरवताना व्हायला हवा.

हे डॉल्फिन कोणते, हेही माहीत असलेलं बरं. किनाऱ्यालगत दिसतात ते बहुधा इंडियन ओशन हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. वर येताना आधी लांब चोच तिरकी बाहेर येते, मग पाठीची कमान. ते उथळ पाण्यातच राहतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे माणसांच्या सगळ्या बोटी असतात. मूळचे बुजरे आहेत. बोटीच्या पुढे लाटेवर स्वार होऊन उड्या मारत जाणारे डॉल्फिन वेगळ्या जातीचे, आणि तशी अपेक्षा यांच्याकडून करू नये. मादीला साधारण तीन वर्षांतून एकदा पिल्लू होतं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ही जात संकटग्रस्त आहे.

जवळ जाण्याने होतं काय, असं दादानेही विचारलं, कारण बोट त्यांना धडकली तर नव्हती. डॉल्फिन आवाजावर जगतो. गढूळ पाण्यात मासा कुठे आहे हे तो स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ओळखतो आणि कळपातले एकमेकांना शिट्ट्यांनी साद घालतात. आठ-दहा इंजिनांच्या गोंगाटात हे दोन्ही अवघड होतं. पिल्लू आईच्या बाजूला चिकटून, तिने ढकललेल्या पाण्याच्या आधाराने पोहतं आणि मध्येमध्ये थोडं थोडं दूध पितं. आई पळू लागली की दूध थांबतं आणि पिल्लू दमतं. एका सकाळचा त्रास कदाचित भरून निघेल. पण हंगामात रोज सकाळी तोच कळप आणि त्याच बोटी असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये डॉल्फिन दाखवणाऱ्या व्यावसायिक बोटी एकीच्या दोन झाल्यावर त्या भागातले डॉल्फिन जवळपास १५ टक्क्यांनी कमी झाले, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तिथे बोटी फक्त दोन होत्या.

भाच्याला जेट स्की चालवायचीच होती आणि मला ती अडवायची नव्हती. ती आम्ही खाडीत, कर्लीच्या पाण्यात केली. समुद्रात, डॉल्फिन फिरतात त्या पट्ट्यात, जेट स्की नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा वेग मोठा, दिशा क्षणात बदलते, आणि चालवणाऱ्याचं लक्ष पाण्याखाली काय आहे याकडे नसतं. श्वास घ्यायला वर येणाऱ्या प्राण्याला ती कुठून येईल याचा अंदाजच करता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत इतर बोटींना डॉल्फिनपासून ५० आणि देवमाशापासून १०० मीटर अंतर सांगितलं आहे, पण जेट स्कीला दोन्हींसाठी थेट ३००. न्यूझीलंडमध्ये ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी जाऊ शकत नाहीत. सिडनी-ऑकलंडकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी उन्हाळ्यात बोट भाड्याने घेताना हे आकडे विचारून घ्यावेत.

दुसऱ्या फेरीसाठी आम्ही मुक्कामाच्या घरमालकांना सांगून एका वयस्क बोटवाल्यांना गाठलं. आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरण्यात, गेलेले तात्या. निघण्यापूर्वीच सांगितलं: पाठलाग नको, लांब थांबायचं, डॉल्फिन दिसले नाहीत तरी ठरलेले पूर्ण पैसे देऊ. तात्या क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, ‘तसाच बरा. डिझेलय वाचता.’

भोगव्यासमोरून निवतीच्या दिशेने सावकाश गेलो. लांबवर पाखरं पाण्यावर झेपावत होती, तिकडे बोट न नेता तात्यांनी इंजिन बंद केलं. ‘आता वायच थांबा. दिसतले.’ बराच वेळ काहीच झालं नाही. भाचा चुळबुळत होता. मग आवाज आला, दम सोडल्यासारखा, फुस्स. पहिल्या दिवशी तो ऐकूच आला नव्हता, कारण इंजिनं चालू होती.

कळप मासे धरत होता. दोघं-तिघं पाण्यात एका बाजूने आत जायचे, पाण्यावर छोटे मासे चमकून उडायचे, मग एक जण शेपूट पूर्ण वर काढून सरळ खाली जायचा. एकाने कुशीवर वळून पर हवेत काढला आणि तसाच थोडा वेळ पडून राहिला. पिल्लू दोन मोठ्यांच्या मध्ये होतं. ते आईसारखं वर यायला जायचं आणि दर वेळी जरा जास्तच उसळायचं, अख्खं डोकं बाहेर. वहिनी हसायला लागली. ‘रापणीच्या वेळेक हे जवळ येतत,’ तात्या हळूच म्हणाले, ‘तेंकाव बांगडो होयो.’ पुढे तो कळप मासळीमागे सरकत आपण होऊन आमच्या बाजूला आला आणि बोटीपासून थोड्या अंतरावरून निघून गेला. कुणी दिशा बदलली नाही, कुणी लांब बुडी मारली नाही. भाच्याने त्या वेळात एकच फोटो काढला. मी विचारलं तर म्हणाला, ‘आत्या, बघायचं होतं गं.’

तर तुम्ही जाल तेव्हा, पैसे ठरवताना हे स्पष्ट बोला: किमान ५० मीटर, म्हणजे बोटीच्या लांबीच्या सात-आठ पट अंतर ठेवायचं, समोरून आडवं जायचं नाही, बाजूने समांतर आणि हळू, पिल्लू दिसलं तर आणखी लांब, आणि आधीच दोन-तीन बोटी असतील तर तिथे जायचंच नाही. शेवटचं पाळणं सगळ्यात कठीण जातं, पण फरकही त्यानेच सर्वांत जास्त पडतो. अर्धा तास बघितलं की निघा. डॉल्फिन एकमेकांजवळ येऊन घट्ट झाले, बुड्या लांबल्या, शेपटी पाण्यावर आपटू लागले, सतत दिशा बदलू लागले, तर अर्धा तास व्हायची वाट न बघता निघा. दुर्बीण न्या, आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरते. खाऊ टाकू नका, पाण्यात उतरू नका. बोटीला परवाना आहे का हे विचारायला संकोच करू नका. पावसाळ्यात या किनाऱ्यावर जलक्रीडा बंदच असतात, तेव्हा कुणी बाहेर नेतो म्हणाला तरी जाऊ नका.

कयाक आणि पॅडलबोर्डवाल्यांना वेगळं सांगायला हवं, कारण इंजिन नाही म्हणून आपण निरुपद्रवी असं आपल्याला वाटतं. आवाज न करता जवळ गेल्याने प्राणी अचानक दचकतो, आणि आई-पिल्लाच्या मध्ये शिरलो तर दोघांची ताटातूट होते. खाडीत, खारफुटीच्या कडेने कयाक चालवा, ते पाणी अप्रतिम आहे. समुद्रात डॉल्फिन दिसले तर वल्ही थांबवा, वल्ह्याचा दांडा कयाकवर हलकेच वाजवत राहा म्हणजे तुम्ही कुठे आहात हे त्यांना कळेल, आणि त्यांना जाऊ द्या. देवमाशाच्या बाबतीत हा प्रश्न तुमच्या जिवाचाही आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात अविला बीचजवळ मासे खाणाऱ्या हंपबॅक देवमाशाच्या फार जवळ गेलेल्या दोघी कयाकसह क्षणभर त्याच्या तोंडात सापडल्या होत्या. दोघी वाचल्या. छोटी मासळी पाण्यावर उसळताना दिसली की ती जागा सोडायची, हा धडा आपल्याकडेही लागू आहे. देवमासे आपल्या किनाऱ्याला परके नाहीत. २०१५ साली सिंधुदुर्गच्या समुद्रात निळा देवमासा पिल्लासह दिसल्याची नोंद आहे.

कायदा विचाराल तर सगळे डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने आहेत. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, पिटाळणं हेही येतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं, २९ चौरस किलोमीटरचं. पण कायद्याचं हे संरक्षण अभयारण्याच्या हद्दीबाहेरही तितकंच लागू आहे. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, आणि इथले अनेक मच्छीमार जाळं खरोखर कापतात. ज्यांचं पोट या समुद्रावर आहे ते एवढं करतात, मग आपण ५० मीटरवर थांबायला काहीच हरकत नसावी.

किनाऱ्यावर अडकलेला किंवा जखमी डॉल्फिन दिसला तर त्याला ओढत पाण्यात ढकलू नका. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका, अंगावर ओलं कापड घाला, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पाठलाग करणारी बोट किंवा जेट स्की दिसली तर भांडत बसू नका. तिचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपून घ्या, लांबून व्हिडिओ काढा आणि त्याच क्रमांकावर कळवा.