स्नोशू: पाय बुडतोच, प्रश्न किती बुडतो एवढाच

"चालता येतं ना? मग स्नोशूइंगही येतं." बर्फाळ डोंगरात स्नोशू, म्हणजे बर्फात चालण्यासाठी बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, भाड्याने घ्यायला गेलं की हे वाक्य हमखास ऐकवलं जातं, आणि मला त्याचा वैताग आहे. आधीच दाबून पक्क्या केलेल्या वाटेवर ते खरं ठरतं. ती वाट संपून ताजा बर्फ सुरू झाला, की पहिल्या पन्नास पावलांत धाप लागते.

दुसरा गैरसमज, की स्नोशू घातला की माणूस बर्फाच्या वर राहतो. राहत नाही. बुटाच्या तळव्याचं क्षेत्रफळ ढोबळ मानाने २५० ते ३०० चौरस सेंटीमीटर. २५ इंची स्नोशूचं हजाराच्या वर. वजन तेच, जागा चौपट, म्हणून मांडीपर्यंत जाणारा पाय पोटरीपर्यंत जातो. भुसभुशीत बर्फात कधी गुडघ्यापर्यंतही. माप ठरवताना हाच हिशोब करायचा, आणि त्यात स्वतःच्या वजनाबरोबर कपडे, बूट, पाणी, पाठपिशवी सगळं धरायचं. २२, २५ आणि ३० इंच ही नेहमीची मापं. मोठं घेतलं की कमी बुडतं, पण प्रत्येक पावलाला तेवढं ओझं उचलावं लागतं आणि झाडीत वळताना अडचण होते. घट्ट वाटेवर फिरायचं असेल तर लहान माप बरं.

खरी गोष्ट मात्र बांधणीची. पुढचा पाय जिथे बसतो तो भाग एका आडव्या आसावर फिरतो. चवडा नेमका त्या आसावर यायला हवा. बूट फार पुढे गेला तर बोटं पुढच्या खाचेत अडकतात आणि पाऊल मोकळं फिरत नाही. फार मागे राहिला तर खालचे दाते ऐन चढावर नीट रुतत नाहीत. आधी चवड्यावरचे पट्टे आवळायचे, मग टाचेमागचा. बकलं बाहेरच्या बाजूला हवीत, आत आली तर दुसऱ्या पायाच्या चौकटीला घासतात. मोकळी टोकं खोचून टाकायची. गेटर, म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर घालायची आवरणं, आधी चढवायचे, नाहीतर सगळं पुन्हा सोडावं लागतं. आणि दहा-पंधरा मिनिटं चालून झाल्यावर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे, कारण तोवर बूट आत बसतो आणि पट्ट्याखाली अडकलेला बर्फ निघून जातो. हे दुसऱ्यांदा ओढणं बहुतेक जण टाळतात. मग उतारावर पाय आत सरकतो, अंगठा दर पावलाला पुढे आपटतो आणि नख काळंनिळं होतं. जाड हातमोज्यांनी बकल लावता येत नाही, म्हणून आत पातळ हातमोजे असावेत.

पक्क्या वाटेवरच्या तासाभराबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाय जरा फाकून टाकायचे, स्वतःच्याच स्नोशूवर पाय द्यायचा नाही, झालं.

वाट पाडायची वेळ आली की खेळ बदलतो. गुडघा उचलायचा, पाऊल सपाट ठेवायचं आणि सगळं वजन टाकण्याआधी क्षणभर थांबायचं. दाबलेले कण एवढ्या वेळात एकमेकांना धरू लागतात आणि खालचा थर जरा घट्ट होतो. घाईने पाय टाकला की तो आणखी खोल जातो, आणि तेवढाच वर काढावा लागतो. पुढच्याने दमायच्या आधीच बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं, दमल्यावर नव्हे. मागच्यांनी पुढच्याच्या ठशांच्या मधल्या जागेत पाय द्यावा, म्हणजे खड्ड्यांची माळ न राहता सलग वाट तयार होते. अंगाला घाम फुटण्याआधी एक थर काढावा. सुती बनियन इथे सगळ्यात वाईट: भिजलं की सुकत नाही आणि थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत.

मऊ बर्फाचा तीव्र चढ असेल तर बुटाचं टोक बर्फात मारून पायरी करायची. टणक बर्फावर ते चालत नाही. तिथे पूर्ण पाऊल टेकवून सगळे दाते रुतवायचे. टाचेखालची उंचकी, म्हणजे चढावर टाच वर उचलून धरणारी कडी, उभी केली की पोटऱ्यांना आराम मिळतो, पण उतरण्याआधी ती पाडायला विसरू नये. आडव्या उतारावर ॲल्युमिनियमच्या गोल नळीची चौकट कडक बर्फात बाजूला घसरते. कडेने दात्यांच्या पट्ट्या असलेला स्नोशू तिथे बरा. उतरताना गुडघे वाकवून वजन पायांच्या वर ठेवायचं. भीतीने मागे रेललात की स्नोशूच्या शेपटीवरून, म्हणजे मागच्या टोकावरून, घसरून बसकण ठरलेली.

मागे पाऊल टाकायचं नाही. शेपूट रुतते आणि माणूस उताणा पडतो. वळायचं तर मोठा गोल घेऊन. पडलात तर हाताने रेटून उपयोग नाही, हात खांद्यापर्यंत आत जातो. हातातल्या दोन्ही काठ्या बर्फावर फुलीसारख्या आडव्या ठेवायच्या, गुडघ्यांवर यायचं आणि त्या फुलीवर भार देऊन उठायचं.

मला सगळ्यात खटकतं ते हे, की हिमस्खलन हा फक्त स्कीवाल्यांचा प्रश्न समजला जातो. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे, आणि त्यांच्या पायथ्याची सपाट जागाही सुरक्षित नसते, वरून सुटलेला बर्फ तिथेच येऊन थांबतो. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय निघू नये. अशा भागात ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून त्याला शोधायची लांब सळई) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं आणि वापरता यायला हवं, नाहीतर दुसरी वाट धरावी. सूचिपर्णी झाडांच्या खालच्या फांद्यांखाली बर्फ दाबलेला नसतो, पोकळ खड्डा असतो. सावली कितीही छान दिसली तरी बुंध्यापाशी जाऊ नये.

दुपारी ऊन चढलं की ओला बर्फ दात्यांना चिकटून खाली गोळे जमतात. दाते टेकतच नाहीत आणि प्रत्येक पाय किलोभर जड होतो. दर थोड्या वेळाने काठीने चौकटीवर ठोकायचं. डांबरी रस्ता लागला की स्नोशू तिथल्या तिथे काढावेत, खडकावर आणि डांबरावर दाते बोथट होतात. बकल गोठून उघडत नसेल तर काठीच्या मुठीने हलकेच ठोकून बर्फ फोडायचा. जोर लावून ओढलं तर थंडीने कडक झालेलं प्लास्टिक तुटतं.