जळालेला टोरॉइड आणि मधला बोल्ट

गणपती तोंडावर आले की पुण्यात आमच्या रिपेअरिंगच्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायरची रीघ लागते. त्या दिवशी एक साउंडवाला आला. "दादा, ट्रान्सफॉर्मर गेलाय, तेवढा रिवाइंड करून द्या, रात्री मांडवात लागणार आहे." झाकण काढताच जळक्या व्हार्निशचा भपकारा आला. फ्यूजच्या जागी कुणीतरी तारेचा तुकडा पिळून ठेवला होता.

ट्रान्सफॉर्मर टोरॉइड होता, म्हणजे कड्यासारख्या लोखंडी कोअरवर तार गुंडाळलेला आणि मधल्या भोकातून बोल्टने कसलेला. जुनी तार उलगडताना मी घाई करत नाही. कशाने जळलं ते तिथेच कळतं. वरची सेकंडरी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला पुरवठा देणारी कॉइल, जवळजवळ चांगली निघाली. पुढचे डायोड, आउटपुट ट्रान्झिस्टर सगळे ठणठणीत. आतली प्रायमरी, म्हणजे मेनला जोडलेली कॉइल, मात्र चहूबाजूंनी सारखीच काळी. फेरे आपसात शॉर्ट झाले असते तर एका जागी जास्त करपलं असतं. मग एवढा करंट खाल्ला कुणी?

कोअरचा छेद १० चौरस सेंटिमीटर. ५० हर्ट्झ आणि कोअरमध्ये दीड टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र धरलं की एका फेऱ्याला व्होल्टचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो, म्हणजे २३० व्होल्टना ६९० फेरे. २० गेजची तार प्लायच्या पट्टीवर भरायची आणि प्रत्येक फेऱ्याला ती अख्खी पट्टी भोकातून आरपार काढायची. भोकाच्या आतल्या कडेला तारा एकमेकींवर चढतात, बाहेर फाकतात. आत दाटी आणि बाहेर मोकळीक सांभाळत बोटांनी फेरा बसवावा लागतो. थर संपला की वर मायलरची इन्सुलेशनची पट्टी. मशीनवर हेच झटपट होतं, पण हाताने भरलेल्या कॉइलमधला एकेक फेरा आपल्याला माहीत असतो, म्हणून मला हे काम आवडतं.

भरून झाल्यावर सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून सप्लाय दिला; कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटलेलाच राहतो. बल्ब क्षणभर लकाकला आणि विझला. कॉइल चोख होती.

कॅबिनेटमध्ये बसवायला गेलो आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, बरोबर मधल्या बोल्टच्या वर, जळका खळगा दिसला. झाकण वजनाने दबलेलं होतं. बोल्ट भोकातून जातो. त्याचं वरचं टोक झाकणाला टेकलं की बोल्ट, झाकण आणि चासी (कॅबिनेटचा धातूचा सांगाडा) मिळून कोअरभोवती एक बंद फेरा तयार होतो, जणू शॉर्ट केलेली एका फेऱ्याची सेकंडरी. व्होल्टेज नगण्य, पण रोध त्याहून नगण्य, त्यामुळे करंट शेकडो अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. तो सगळा भार प्रायमरीवर.

साउंडवाल्याला समोर बसवून, तोच बल्ब सिरीजमध्ये ठेवून मी बोल्टचं टोक जाड वायरने चासीला जोडलं. बल्ब लखलखीत पेटला. वायर काढली, विझला. "एवढ्याशा बोल्टनं?" तो म्हणाला.

बोल्ट कापून आखूड केला, झाकणाखाली फायबरची शीट चिकटवली, आणि स्लो-ब्लो फ्यूज घातला. टोरॉइड चालू होताना जोराचा झटका घेतो, साधा फ्यूज उगाच उडतो; स्लो-ब्लो तो क्षणभराचा झटका सोसतो.

हा अ‍ॅम्प्लिफायर ज्या कारागिराने बनवला होता, त्याच्याचकडून बनवून घेतलेला आणखी एक साउंडवाल्याकडे होता. तो लगेच मागवला. त्याच्या बोल्टमध्ये आणि झाकणात पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट होती. त्याचाही बोल्ट कापला, मगच दोन्ही टेम्पोत चढवू दिले.