भजनाच्या कॅसेटी, फ्रीबीएसडी आणि वाया गेलेल्या सीडी: आतापर्यंतची नोंद

आधी पार्श्वभूमी. गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी गेल्या उन्हाळ्यात माझ्या ताब्यात आल्या. नव्वद मिनिटांच्या सात कॅसेटी, सगळ्या १९९४ ते ९६ मधल्या. डेकवरून साउंड कार्डात घेऊन ऑड्यासिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफसूफ केली. पेन ड्राइव्हवर टाकून दिलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. पण काकांच्या घरातला प्लेअर सीडीशिवाय काही ओळखत नाही आणि त्यांना मोबाइलवर ऐकायचं नाही. म्हणजे सीडी राइट करणं आलं, तीसुद्धा ऑडिओ सीडी. घरातलं एकुलतं मशीन ज्याला अजून राइटर जोडलेला आहे त्यावर फ्रीबीएसडी १४ ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, कारण तेच माझं फाइल साठवायचं मशीन आहे.

कॉलेजात असताना हॉस्टेलभर सीडी राइट करून देणारा मी. त्यामुळे एका शनिवारात उरकेल असं वाटलं होतं. सहा शनिवार गेले.

पहिला शनिवार

२००६ सालची माझी वही काढली. त्यात लिहिलं होतं: एसीडी० या नावाने ड्राइव्ह दिसेल, सीडी लिहायला बर्नसीडी हा प्रोग्राम वापर, सीडीरेकॉर्ड हा दुसरा प्रोग्राम हवा असेल तर आधी अ‍ॅटापीकॅम हे मॉड्यूल लोड कर. यातलं आज काहीच चालत नाही. एटीएची सगळी उपकरणं कॅम नावाच्या स्कझीच्या (ड्राइव्हशी बोलायच्या आज्ञांची एक पद्धत) थराखाली गेली, ड्राइव्हचं नाव सीडी० झालं आणि बर्नसीडी मूळ सिस्टीममधून काढून टाकलं गेलं. आता पोर्ट्समधून, म्हणजे फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या साठ्यातून, सीडीआरटूल्स (सीडीरेकॉर्ड यातच येतं) घ्यायचं, एवढंच.

कॅमकंट्रोल या आज्ञेला जोडलेल्या उपकरणांची यादी विचारली तर ड्राइव्ह त्याच्या पत्त्यासह दिसला: स्कबस १, टार्गेट ०, लन ०, आणि कंसात सीडी०, पास१. सीडीरेकॉर्डला मात्र साध्या युझरने स्कॅनबस करायला, म्हणजे ड्राइव्ह शोधायला, सांगितलं की परवानगी नाही. इथं एक गोष्ट नव्याने आलेल्यांना कळत नाही. सीडीरेकॉर्ड सीडी० शी फारसं बोलतच नाही. ते ड्राइव्हला थेट स्कझी आज्ञा पाठवतं, आणि त्यासाठी त्याला पास१ आणि एक्सपीटी० ही दोन दारं उघडी लागतात. सीडी० ला कितीही परवानग्या दिल्या तरी उपयोग शून्य.

मग डेव्हएफएस.कॉन्फ या उपकरणांच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये तिन्ही नावं लिहिली, ऑपरेटर गटाला वाचायला-लिहायला मुभा दिली, स्वतःला त्या गटात घातलं, मशीन रीबूट केलं. ड्राइव्ह दिसला. त्या रात्री बरं वाटलं.

दुसरा शनिवार

मधल्या आठवड्यात मशीनला आणखी एक एसएसडी लावली होती. शनिवारी पुन्हा परवानगी नाही. तासभर गट तपासले, फाइलमधली अक्षरं तपासली. शेवटी कॅमकंट्रोलची यादी पुन्हा काढली तेव्हा उजेड पडला: राइटर आता पास२ होता. पास१ नवी एसएसडी झाली होती, आणि माझ्या फाइलमुळे त्या एसएसडीला थेट आज्ञा पाठवायची मुभा ऑपरेटर गटाला मिळाली होती. पासचे आकडे उपकरणाला कायमचे चिकटलेले नसतात, सापडतील त्या क्रमाने वाटले जातात. जत्रेतल्या टोकनसारखं.

सगळ्या पासना एकदमच परवानगी देणारा नियम डेव्हएफएस.रूल्समध्ये लिहिता येतो, आणि बरेच जण तसंच सांगतात. मी नाही लिहिला. ज्या मशीनवर घरातले सगळे फोटो आहेत त्याच्या प्रत्येक डिस्कचं मागचं दार सीडीसाठी उघडं ठेवायची माझी तयारी नाही. सूडोमध्ये (साध्या युझरला ठरावीक आज्ञा पूर्ण अधिकाराने चालवू देणारा प्रोग्राम) फक्त सीडीरेकॉर्डपुरती एक ओळ घातली आणि हा विषय मिटवला. याचा एक जोडफायदा पुढे कळला.

पहिली ऑडिओ सीडी त्याच रात्री लावली. लगेच नकार: फाइलचं ऑडिओ कोडिंग योग्य नाही. बरोबरच होतं. साउंड कार्डाने ४८,००० हर्ट्झवर रेकॉर्ड केलं होतं. सीडीला ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ याशिवाय काही चालत नाही. सॉक्स या आवाजाच्या फाइली बदलणाऱ्या प्रोग्रामने बदलून घ्यायला दोन मिनिटं लागली असती. पण मला शहाणपणा सुचला. वेव्ह फाइलचं डोकं, म्हणजे हेडर, हेच भांडणाचं मूळ आहे असं समजून मी सॉक्समधून सरळ कच्चा डेटा काढला, ४४,१०० वर, आणि तो दिला. सीडीरेकॉर्डने एक शब्द न बोलता सीडी पूर्ण केली.

प्लेअरमध्ये घातली तर पत्र्यावर वळीव कोसळतोय असा आवाज. कान फुटायची वेळ. कारण साधं आहे: वेव्ह असेल तर सीडीरेकॉर्डला ठाऊक असतं की नमुन्यातला धाकटा बाइट आधी येतो. कच्चा डेटा दिला की ते थोरला बाइट आधी असं गृहीत धरतं. माझ्या इंटेल मशीनने धाकटा आधी लिहिला होता. प्रत्येक नमुन्याचे दोन्ही बाइट उलटेपालटे होऊन गेले. स्वॅब हा पर्याय दिला असता तरी भागलं असतं, वेव्हच ठेवली असती तर प्रश्नच नव्हता. सीडी क्रमांक एक, चहाच्या कपाखाली.

तिसरा शनिवार, आणि बहुतेक चौथासुद्धा

आता खरी गोष्ट. पुण्याच्या तपकीर गल्लीतून पन्नास कोऱ्या सीडींचा डबा आणला होता. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल तसं दोष नेमका कोणाचा हे सांगणं सोपं नाही.

सीडी घातली, आज्ञा दिली, पडद्यावर इशाऱ्यांची रांग. मेमरी कुलूपबंद करता येत नाही. प्राधान्य वाढवता येत नाही. बफर (लिहिण्यासाठी थांबलेल्या डेटाचा साठा) रिकामा पडण्याचा धोका वाढेल. आणि मग सीडी नापास. (सूडो न वापरता चालवलं होतं, सवयीने. त्या वेळी डेव्हएफएस.कॉन्फची दुरुस्त केलेली ओळ अजून तिथंच होती.)

मी त्या इशाऱ्यांच्या मागे लागलो. मेमरीची मर्यादा वाढवली, लॉगिनचा वर्ग बदलला, सीडीरेकॉर्डचा अंतर्गत फिफो, म्हणजे त्याचा स्वतःचा बफर, मोठा केला, मशीनवरची बाकीची कामं बंद केली. तीन सीडी आणखी गेल्या. शेवटी सूडोने चालवलं, तर इशारे सगळे गायब झाले. हाच तो जोडफायदा. सीडी मात्र तरीही नापास. तेव्हा कुठे मी शेवटच्या चार ओळी नीट वाचल्या. ड्राइव्हने कळवलेली चूक: सेन्स की ३, मीडियम एरर. सेन्स कोड ७३, क्वालिफायर ०३: पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर. पहिल्या सीडीपासून हेच येत होतं. वर मोठ्या आवाजात जे चाललं होतं ते ऐकण्यात खालचं राहून गेलं.

बफरचा प्रश्न तसाही आता जुना झाला. २००० च्या सुमारास सान्योने बर्नप्रूफ आणलं. बफर रिकामा पडला तर लेसर थांबतो आणि डेटा आला की तिथूनच पुढे लिहितो. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक राइटरमध्ये असं काहीतरी आहे, आणि सीडीरेकॉर्डला बर्नफ्री असं सांगितलं की ते वापरतं. हॉस्टेलवर आम्ही सीडी राइट होताना माउसलाही हात लावू देत नसू, ते दिवस गेले.

कॅलिब्रेशन एरर हा पूर्णपणे वेगळा मामला आहे. लिहायला सुरुवात करण्याआधी ड्राइव्ह सीडीच्या अगदी आतल्या भागात, लीड-इन म्हणजे विषयसूचीच्या भागाच्याही आधी, राखून ठेवलेल्या जागेत वेगवेगळ्या ताकदीने लेसर मारून बघतो. या रंगाच्या थराला किती ताकद लागते याचा तो अंदाज. तोच जमला नाही तर पुढे एक बाइटही जात नाही. म्हणजे ही तक्रार ऑपरेटिंग सिस्टीमची नाही, परवानगीची नाही, फाइलची तर नाहीच. लेसर आणि सीडी यांच्यातलं भांडण आहे ते.

वेग कमी करून पाहिला. चारचा मागितला, नोंदीत सोळा आला. नव्या ड्राइव्हना इतकं हळू लिहिता येत नाही, आपल्या किमान वेगावर ते येतात आणि गप्प बसतात. सोळावरही नापास. लेन्सवर हवा मारली. फरक नाही.

मग कपाटाच्या मागे मोझर बेअरच्या दोन कोऱ्या सीडी सापडल्या, निदान बारा वर्षांच्या. घातली आणि पहिल्या फटक्यात झाली! ड्राइव्ह जिवंत आहे हे कळलं, म्हणजे डबा खराब असा निकाल मी देऊन टाकला. डब्यातल्या पन्नास सीडींपैकी सात तोवर गेल्या होत्या.

निकाल घाईचा ठरला. मित्राकडचा यूएसबी राइटर एका संध्याकाळी आणला. त्याच डब्यातल्या सहा सीडी सलग लिहिल्या, सहाही पास. म्हणजे सीडी वाईट नाही, ड्राइव्ह मेलेला नाही, दोघांचं पटत नाही. सीडीआरटूल्समधला एटीआयपी पर्याय वापरून बघा एकदा. कोऱ्या सीडीवरची खाच सरळ नसते, २२.०५ किलोहर्ट्झने नागमोडी असते, आणि त्या नागमोडीतच वेळेची मोजणी आणि बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. माझ्या डब्यावर छापलेलं नाव वेगळं होतं, खुणेतला कारखाना वेगळा. ड्राइव्हचं फर्मवेअर याच खुणेवरून ठरवतं की लेसर कसा चालवायचा. माझा ड्राइव्ह म्हातारा, लेसर थकलेला, आणि या थराशी त्याची ओळख नसावी, असा माझा तर्क. यापुढे पन्नासचा डबा घेण्याआधी पाच सुट्या सीडी घेऊन बघणार.

पाचवा शनिवार

यूएसबी राइटर काही दिवसांसाठी मिळाला, तर फोटोंची एक डेटा सीडीही लिहून घेतली. पडताळणीसाठी डीडी या आज्ञेने संपूर्ण सीडी वाचून तिचा शा-२५६ (डेटा तोच आहे का ते पडताळायची बेरीज) काढला. अगदी शेवटी इनपुट-आउटपुट एरर, आणि बेरीज जुळेना. वैतागून सीडी मोडली.

ती सीडी चांगली होती.

वहीतून उतरवलेल्या आज्ञेत टीएओ होतं, ट्रॅक एकेक करून लिहायची पद्धत. तिच्यात ट्रॅकच्या शेवटी दोन सेक्टर असे राहतात जे मोजणीत धरले जातात पण वाचता येत नाहीत. डीडी बिचारा तिथपर्यंत जाऊन आपटतो. आयएसओची, म्हणजे सीडीवर लिहिलेल्या फाइलची, खरी लांबी आयसोइन्फो या आज्ञेला विचारायची, २०४८ बाइटचे तितकेच ब्लॉक वाचायचे, आणि मग बेरीज काढायची. दुसरी सीडी एसएओने, म्हणजे पूर्ण सत्र एका दमात लिहिली. जुळली.

आणि टीएओ ऑडिओसाठीही नकोच होतं. दोन ट्रॅकच्या मध्ये ते दोन सेकंदांची शांतता घालतं. सिनेमाच्या गाण्यांना चालेल. आमच्या मंडळाचा ज्ञानोबा-तुकारामाचा गजर एका अभंगातून दुसऱ्यात न थांबता जातो. मध्ये दोन सेकंद पखवाज गप्प झाला तर काका सीडी परत पाठवतील.

म्हणून कॅसेटच्या पहिल्या बाजूची एकच सलग वेव्ह ठेवली. पंचेचाळीस मिनिटं, ४७,६२,८०,००० बाइट आणि वर हेडर. कुठला अभंग कुठे सुरू होतो ते क्यू फाइलमध्ये लिहिलं. क्यू फाइलने पहिल्याच ओळींत अडवलं: १२:३१:८८ ही वेळ चालत नाही म्हणे. ऑड्यासिटी सेकंदाचे शंभर भाग दाखवतं, मी ते जसेच्या तसे उतरवले होते. सीडीच्या जगात सेकंदाचे पंचाहत्तर भाग असतात, शेवटचा आकडा शून्य ते चौऱ्याहत्तर एवढाच. ०.८८ गुणिले ७५, म्हणजे ६६. तर ती वेळ १२:३१:६६. जिथं माझा आकडा चुकून पंचाहत्तरच्या आत होता तिथं कोणी अडवलं नसतं आणि ट्रॅक पाव सेकंदापर्यंत भलतीकडे सुरू झाला असता. सगळे अकरा आकडे पुन्हा काढले.

ज्यांना तुकडे वेगवेगळ्या फाइलींतच ठेवायचे आहेत त्यांनी प्रत्येक फाइल ५८८ नमुन्यांच्या पटीत कापा. एक सेक्टर म्हणजे ५८८ नमुने, २३५२ बाइट. तसं नसेल तर शेवटच्या सेक्टरात शून्यं भरली जातात आणि जोडावर टच्च असा आवाज येतो. हे मी आधी भोगलंय, पण ती सीडी मोजत नाही.

सहावा शनिवार

आधी आरडब्ल्यूवर (पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी) चाचणी करावी म्हटलं, सीडी वाया नको. संगणकावर सुरेख वाजली. काकांच्या प्लेअरमध्ये, फोनवरून ऐकलं त्याप्रमाणे, "नो डिस्क". आरडब्ल्यू प्रकाश फारच कमी परावर्तित करते, साध्या सीडी-आरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका, आणि जुन्या प्लेअरना ती आहे हेच दिसत नाही. त्यामुळे आरडब्ल्यूवरची चाचणी क्यू फाइलची खात्री करायला ठीक, प्लेअरसाठी काही सांगत नाही.

मग डब्यातली साधी सीडी, यूएसबी राइटर, एसएओ, बर्नफ्री, सोळाचा वेग. तीन-साडेतीन मिनिटांत झाली. सीडीकंट्रोल या आज्ञेला विषयसूची विचारली, अकरा ट्रॅक, वेळा बरोबर. एसटीने पाठवली.

रविवारी सकाळी फोन आला. मागे गजर चालू होता, न तुटता.

"वाजतंय रं. पण ही एकच बाजू हाय. माझा आवाज दुसऱ्या बाजूला हाय न्हवं?"

दुसऱ्या बाजूची फीत मध्येच हळू पडते, बहुतेक डेकचा पट्टा सैल आहे. पट्टा मागवलाय. राइटर मित्राला परत द्यायचा होता, तो आणखी महिनाभर ठेवून घेतलाय. वाया गेलेल्या सीडी आतापर्यंत अकरा, त्यात मोडलेली चांगली एक.