आठ कोर्स आणि एक जैन मित्र

जेवण उत्तम झालं, हे आधीच सांगून टाकतो. माझा राग आहे तो बुकिंगच्या फॉर्मवर.

गंगापूर धरणाच्या रस्त्यावर एका रेस्टॉरंटमध्ये नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपी धाटणीचा टेस्टिंग मेन्यू मिळतो. आठ कोर्स ठरलेले, निवड त्यांची, पैसे आधी. आमची गँग शाळेपासूनची, त्यात जिगर पक्का जैन. फॉर्मवर व्हेज, नॉनव्हेज, व्हीगन असे तीन गोल आणि खाली 'ॲलर्जी'चा चौकोन. अहो, नाशकात पावभाजीच्या गाडीवरसुद्धा 'जैन मिळेल' लिहिलेलं असतं!

चौकोनात 'जैन' लिहिलं. उत्तर आलं, "कांदा-लसूण काढून देऊ." फोन केला तर तो लागतो मुंबईला. तिथल्या मॅडम फार गोड बोलायच्या, दर वेळी "शेफना विचारून कळवते" म्हणायच्या, आणि कळवायच्या नाहीत. मुळात अडचण नुसत्या कांद्याची नव्हतीच. डेन्मार्क-स्वीडनकडे हिवाळा लांबलचक, त्यामुळे तिथलं स्वयंपाकघर टिकणाऱ्या जिनसांवर चालतं: बीट, गाजर, बटाटे, मिठात आंबवलेल्या भाज्या, धुरी दिलेले मासे, शिवाय रानातली अळंबी. म्हणजे जिगरला जे जे वर्ज्य, नेमकं तेच! इकडे पैसे कापले गेलेले आणि ४८ तास आधी सांगितलं नाही तर परत नाहीत. मिलिंद म्हणाला, "जिगऱ्या, तू घरून खिचडी खाऊन ये." जिगर हसला, पण मलाच ते लागलं.

शेवटी स्कूटर काढली आणि दुपारी थेट तिथे जाऊन धडकलो. मागच्या दाराशी शेफ भाजीचे क्रेट उतरवून घेत होता. इगतपुरीकडचा पोरगा. "मला मुंबईहून फक्त 'कांदा नको' एवढंच आलंय, दादा." भाजीच्या पावतीच्या पाठीवर त्याने सगळं लिहून घेतलं, वर विचारलं, "सूर्यास्तानंतर जेवतात ना ते?" जिगर रात्रीचं जेवण सोडतो ते चातुर्मासात, आणि तो संपला होता, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

त्यामुळे माझं ऐकाल तर दुपारी तीन-साडेतीनला जा, तेव्हा किचनवाल्यांना बोलायला उसंत असते.

२००४ साली कोपनहेगनला शेफमंडळींनी या नॉर्डिक स्वयंपाकाचा जाहीरनामा काढला, त्याचा गाभाच आपल्या भागातलं, आपल्या हंगामातलं शिजवा असा आहे. पोरगा त्याला जागला. जिगरला नागलीची कुरकुरीत चकती, तिच्यावर ताजा चक्का, शेपूचं हिरवंगार तेल आणि ओला हरभरा. आंबटपणाला लिंबू नाही, विरळणीत काढलेल्या कच्च्या द्राक्षांचा रस. मिलिंदने त्याच्या ताटलीत चमचा घातलाच. बाकी कोर्स एकेका घासाचे, पण सुरुवातीच्या राय (गव्हासारखं धान्य) पावावर तुटून पडू नका, सहाव्या कोर्सला श्वास लागतो.

वेळेवर पोचा, सगळं टेबल भरल्याशिवाय पहिली ताटली येत नाही. आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. त्या रस्त्याला रात्री अकरानंतर रिक्षा मिळत नाही.